समरलँडची भिंत कुणी मंजूर केली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या मोठ्या आगींवर जे पान आलं, त्यात आइल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला १९७३ साली लागलेल्या आगीबद्दल एक छोटी चौकट होती. मराठी वर्तमानपत्राला ही आठवण झाली याचं बरं वाटलं, कारण खुद्द इंग्लंडातल्या चाळिशीच्या आतल्या माणसांना हे नाव सांगितलं तर ते कोरे चेहरे करतात. पण चौकटीचा शेवट ‘तीन मुलांच्या सिगारेटने पन्नास जणांचा घास घेतला’ असा केला आहे. तो वाचून गप्प बसवेना. मुलं सिगारेट ओढत होती हे खरं. आग तिथूनच लागली हेही खरं. पण माझी सगळी नोकरी एका महापालिकेच्या इमारत परवानगी खात्यात गेली. नकाशे तपासायचे, त्रुटी काढायच्या, सवलतीच्या फायलींवर टिप्पणी लिहून वर पाठवायच्या, हे काम. त्यामुळे टपरीला लागलेली आग भल्यामोठ्या इमारतीत शिरली असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, मधली भिंत कसली होती आणि तिला मंजुरी कुणी दिली.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातलं हे बेट. राजा तोच, पण बेट ब्रिटनचा भाग नाही. टिनवाल्ड नावाचं त्यांचं स्वतःचं जुनं कायदेमंडळ आहे, आणि बांधकामाचे नियमही स्वतःचे. मोटारसायकलच्या टीटी शर्यतीमुळे आपल्याकडच्या पोरांना नाव ठाऊक असतं. माझी मुलगी तिथे रुग्णालयात नोकरीला आहे, म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात आम्हा दोघांचा मुक्काम डग्लस या राजधानीच्या गावी होता. गाव समुद्राला चिकटून वसलेलं, लांबलचक प्रॉमेनेड म्हणजे समुद्रकाठचा फिरायचा रस्ता, त्यावर अजून घोड्यांची ट्राम चालते. उन्हाळा म्हणायचा एवढंच. जूनमध्ये मी स्वेटरवर जाकीट चढवून, सौभाग्यवतींचा मफलर गुंडाळून चालायला जायचो आणि तिथली पोरं अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम चाटत समोरून यायची.

हवेचं हे सांगतोय त्याला कारण आहे. एके काळी लिव्हरपूल-मँचेस्टरकडची गिरणी-कारखान्यांतली कुटुंबं वर्षाची सुट्टी काढून बोटीने या बेटावर यायची. मग विमानाने स्वस्तात स्पेनला नेणाऱ्या सहली निघाल्या आणि बेटाचा सीझन बसायला लागला. तेव्हा डग्लसच्या नगरपालिकेने ठरवलं, की आकाशातून ऊन येत नसेल तर ते छपराखाली आणू. प्रॉमेनेडच्या उत्तर टोकाला, कड्याच्या पोटाला धरून, वीस लाख पौंड खर्चून समरलँड उभं राहिलं. १९७१ साली ते खुलं झालं. एका वेळी दहा हजार माणसं मावतील एवढं मोठं. आत पोहण्याचा तलाव, उपाहारगृहं, बार, नाचगाण्याचं व्यासपीठ, मुलांचे खेळ, पैसे टाकून खेळायची यंत्रं, सगळं एका छताखाली. बाहेर कितीही गार असो, आत सत्तावीस अंश. मुलीच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात, ते सांगत होते की ओला रेनकोट दाराशी काढायचा आणि आत बाह्या दुमडून बसायचं, याचंच लोकांना अप्रूप. काचेसारख्या छतातून उजेड खाली यायचा. बेटाला त्या इमारतीचा अभिमान होता आणि तो मला पटतो. असल्या गावाला अशी जागा हवीच.

काचेसारखं म्हटलं, पण ती काच नव्हती. दर्शनी भाग आणि बरंचसं छत ऑरोग्लासचं होतं. ऑरोग्लास म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘ॲक्रिलिक’ म्हणतो तेच, दुकानांच्या चमकत्या पाट्यांना वापरतात ते. हलकं, पारदर्शक, हवा तसा आकार देता येतो, काचेपेक्षा सहज चढवता येतं. दोष एकच, ते जळतं. आणि कसं जळतं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा पाहावं. डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाट्या बनवणारा एक आहे. परत आल्यावर त्याच्याकडून बोटाएवढी कात्रण मागून घेतली आणि त्याच्याच दुकानामागे पत्र्याच्या डब्यावर चिमट्यात धरून पेटवली. आधी कडा वाकली, मऊ पडली. मग बारीक तडतड आवाज करत ज्योत धरली, बुडाशी निळी, वर पिवळी. काडी बाजूला घेतली तरी ती विझली नाही. धूर फारसा नाही, पण काहीसा गोडसर, पिकल्या फळासारखा वास. थोड्या वेळाने टोकाचा लगदा झाला आणि पेटता थेंब डब्यात पडला. पडूनही तो जळतच होता. कारागीर म्हणाला, “काका, म्हणून तर आम्ही हीटरजवळ कापड ठेवत नाही.” एवढं त्या पोराला कळतं. असं छत डोक्यावर असलेल्या हॉलमध्ये हजारो माणसं बसली आहेत असं आता डोळ्यांसमोर आणा.

डग्लसच्या बांधकाम नियमांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्या नियम ३९ मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की इमारतीच्या बाहेरच्या भिंती न जळणाऱ्या हव्यात आणि आगीपुढे दोन तास टिकायला हव्यात. ॲक्रिलिकची भिंत या नियमात कुठूनही बसत नव्हती. मग काय करायचं? सूट मागायची. ती मागितली गेली आणि बेटाच्या स्थानिक प्रशासन मंडळाने दिली. ऑरोग्लास पेटण्याआधीच मऊ पडून चौकटीतून गळून पडेल, त्यामुळे धोका नाही, असा विचार त्यामागे होता. ऐकायला तो बिनतोड वाटतो. आमच्या टेबलावरही असे बिनतोड विचार रोज यायचे, पुस्तिकेच्या रंगीत पानांसकट.

सवलतीची फाईल कशी चालते ते वाचकांना सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं पैसे चारले की झालं. पैसे चारतात, नाही असं नाही. पण बऱ्याचदा पैसेही लागत नाहीत. वास्तुविशारद सज्जन असतो, प्रकल्प गावाच्या भल्याचा असतो, वरच्या साहेबांना तो सीझनच्या आधी उभा करून दाखवायचा असतो. खालचा अभियंता लिहितो, ‘नियमानुसार अनुज्ञेय नाही, तथापि...’ त्या ‘तथापि’च्या पुढे कारण येतं: जागेची अडचण, प्रकल्पाचं वेगळेपण, उत्पादकाचा दाखला. वरचा लिहितो ‘प्रस्तावाप्रमाणे’. त्याच्या वरचा नुसती सही करतो, कारण खालच्या दोघांनी पाहिलंय. अग्निशमनवाल्यांना वाटतं इमारतवाल्यांनी तपासलं, इमारतवाल्यांना वाटतं अग्निशमनवाल्यांनी. शेवटी फायलीवर पाच सह्या असतात आणि प्रत्यक्ष सामान पेटवून पाहिलेला माणूस त्यात एकही नसतो.

समरलँडमध्ये तर कामाचीही वाटणी झाली होती. बाहेरचा सांगाडा बेटावरच्या वास्तुविशारदाकडे, आतली सजावट लीड्सच्या एका मोठ्या फर्मकडे. अंगरखा एका शिंप्याचा, अस्तर दुसऱ्याचं. त्यातून एक भिंत अशी तयार झाली की तिच्याकडे दोघांपैकी कुणीच पूर्ण पाहिलं नाही. ही ऑरोग्लासची नव्हे, बाजूची भिंत. मूळ आराखड्यात ती काँक्रीटची होती. नंतर त्या जागी गॅलबेस्टॉस आलं, म्हणजे पोलादी पत्रा, त्याच्या दोन्ही अंगांना ॲस्बेस्टॉस आणि डांबरासारख्या, राळेसारख्या जळाऊ पदार्थाचा थर. आतल्या बाजूने प्लास्टरबोर्ड व्हायचा होता, तिथे डेकॅलिन नावाचा जळणारा लाकडी तंतूंचा बोर्ड लागला. पत्रा आणि बोर्ड यांच्यामध्ये पोकळी राहिली. बाहेर पत्रा तापला की आत पोकळीत वायू सुटणार, बोर्ड पेटणार, आणि दोन्ही बाजूंनी भिंत मात्र धडधाकट दिसणार. कुणी मुद्दाम आखली असती तरी याहून वाईट भिंत जमली नसती.

२ ऑगस्ट १९७३, गुरुवार, संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ. सुट्टीचा ऐन हंगाम, आत तीन हजारांच्या आसपास माणसं. बाहेर छोट्या गोल्फच्या मैदानाजवळ एक मोडकी, वापरात नसलेली टपरी होती. लिव्हरपूलहून सुट्टीला आलेली तीन मुलं तिच्यात शिरून सिगारेट ओढत बसली आणि टपरी पेटली. कर्मचारी धावले, विझवायचा प्रयत्न केला. जळती टपरी कलंडून त्याच गॅलबेस्टॉसच्या भिंतीवर पडली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, टपरी जळते आहे, बघता येईल. तेवढ्यात भिंतीच्या पोटात आग चढत होती. ती आतल्या खेळयंत्रांच्या दालनात फुटून बाहेर आली तेव्हा तिला थांबवायला काही नव्हतं. मजले एकमेकांत मोकळे, मधले जिने उघडे, म्हणजे चिमणीच झाली. ऑरोग्लासपर्यंत पोचल्यावर काही मिनिटांत दर्शनी भाग आणि छत पेटलं. चौकटीतून गळून पडायचं होतं ते पेटते थेंब होऊन माणसांवर गळलं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. अग्निशमन दलाला पहिली खबर खूप उशिरा गेली, आणि ती समरलँडमधून गेली नाही. एक खबर टॅक्सीवाल्यांच्या वायरलेसवरून गेली. दुसरी समुद्रात दोन मैल आत असलेल्या एका जहाजाच्या कप्तानाने तटरक्षकांना दिली. अख्खं बेट पेटल्यासारखं दिसतंय, असं तो म्हणाला. तोवर इमारतीतल्या लोकांना बाहेर पडा असं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. कुणाचं ते काम हे ठरलेलं नव्हतं, कर्मचाऱ्यांची तालीम झालेली नव्हती. संकटकाळी उघडायची काही दारं कुलूपबंद होती. वीज गेली, पर्यायी जनरेटर चालू झाला नाही. लोक आले त्याच मुख्य दाराकडे परत धावले आणि तिथे चेंगराचेंगरी झाली. बेटावरचे जवळपास सगळे बंब त्या रात्री तिथे लागले. पन्नास जण गेले, ऐंशी गंभीर जखमी झाले. दोन वर्षांची इमारत आणि आत आई-बाप-पोरं.

मरणाऱ्यांना नंतर ‘घाबरले, गोंधळले’ असं म्हणायची पद्धत आहे. त्यावर जोनाथन साइम या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने काम केलं. समरलँडच्या बारमधून वाचलेल्यांचे पोलिसांनी घेतलेले जबाब त्याने एकेक करून तपासले. त्याला दिसलं ते असं, की माणसं बेभान होऊन सुटली नव्हती, ती एकमेकांना शोधत होती. मुलं जवळ असलेली कुटुंबं एकत्र, ओळखीच्या दाराकडे निघाली. ज्यांची मुलं वेगळ्या मजल्यावर खेळायला गेली होती ते दाराकडे न जाता उलट आत गेले. कर्मचाऱ्यांना मागचं दार माहीत होतं, ते मागच्या दाराने निघाले. म्हणजे बाहेर जायचा मार्ग भिंतीवर हिरव्या अक्षरांत लिहून भागत नाही. रोजच्या येण्याजाण्यात पायाखाली आलेला रस्ता हाच माणसाला संकटात आठवतो. ही गोष्ट आता अग्निसुरक्षेच्या अभ्यासात शिकवतात. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटात चौदा जण गेले, त्यांतले बरेच शौचालयात सापडले. तेव्हाही ‘तिकडे कशाला गेले?’ असं विचारणारे होते. कारण त्या संध्याकाळी त्यांनी पाहिलेला दुसरा रस्ता तोच होता, दुसरं काय!

समरलँडची चौकशी न्यायमूर्ती कँटली यांच्या आयोगाने केली. अहवाल मे १९७४ मध्ये आला. त्यात हे सगळं आहे: नियमाला दिलेली सूट, सामानाची निवड, कुलूपबंद दारं, उशिरा गेलेली खबर, कामातला विसंवाद, ओळखीपाळखीवर विसंबून चाललेला कारभार. सगळं लिहून शेवटी आयोग म्हणतो, यात खलनायक कुणी नाही, माणसांकडून चुका झाल्या. मृत्यूंची नोंद ‘दुर्घटनेने’ अशी झाली. त्या तीन मुलांना बालन्यायालयाने तीन-तीन पौंड दंड केला. एवढीच काय ती शिक्षा झाली, आणि ती पोरांना. ज्यांच्या ‘तथापि’वर भिंत उभी राहिली त्यांना काहीच नाही. खलनायक नव्हता हे एक वेळ मान्य करू. ज्यांच्या सह्या होत्या ते घरी पोराबाळांत रमणारे, सचोटीचे लोकही असतील. पण ‘खलनायक नाही’ म्हणताना ‘जबाबदार कुणी नाही’ असंही म्हटलं गेलं, आणि कुटुंबांना पन्नास वर्षं छळलं ते या दुसऱ्या वाक्याने.

कारण आठवण ठेवायलासुद्धा बेटाने किती वेळ लावला! जळालेल्या जागी १९७८ मध्ये त्याच नावाचं छोटं केंद्र पुन्हा उघडलं. पुढे तेही बंद पडून पाडलं गेलं. मृतांसाठी पहिला दगड बसला १९९८ साली, पंचवीस वर्षांनी, प्रॉमेनेडवरच्या के मेमोरियल गार्डनमध्ये, आणि तोही लहानसा. चाळिसाव्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याच्या जागी मोठं स्मारक झालं. मी ते पाहिलं. फुलझाडांच्या वाफ्यांमध्ये आहे, ट्रामच्या रस्त्यापासून चार पावलांवर. समरलँडची मूळ जागा थोडी पुढे, डर्बी कॅसलच्या विजेच्या ट्रामच्या स्थानकाला लागून. कड्याला टेकू दिलेली भिंत, समोर कुंपण, आत गवत आणि खडी. एवढ्या मोक्याची, समुद्रासमोरची जागा रिकामी पडलेली मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. आपल्याकडे असती तर एव्हाना टॉवर उभा राहून त्याला ‘समर व्ह्यू’ नाव पडलं असतं.

आमच्या मुक्कामातच, जून २०२३ मध्ये, मुख्यमंत्री आल्फ्रेड कॅनन यांनी टिनवाल्डमध्ये माफी मागितली. ज्या चुका टाळता आल्या असत्या त्यांबद्दल आणि कुटुंबांना सोसावं लागलं त्याबद्दल. जावयाने फोनवर बातमी दाखवली. मला पहिल्यांदा वाटलं, पन्नास वर्षांनी कसली माफी, सह्या करणारे गेलेसुद्धा असतील. शेजारचे बसचालक मात्र म्हणाले की निदान सरकारी नोंदीत हे आलं. नोंदीचं महत्त्व मला सांगायला नको. काही कुटुंबांचं माफीने समाधान झालेलं नाही. ‘दुर्घटनेने मृत्यू’ हा शेरा बदलावा, चौकशी नव्याने व्हावी, अशी त्यांची मागणी आहे. माझं मत विचाराल तर ती मागणी रास्त आहे. शेरा जुना झाला म्हणून बरोबर ठरत नाही.

कुणी म्हणेल, डोंबिवलीतल्या पेन्शनराला परदेशातल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या आगीचं एवढं काय? तर गेल्या डिसेंबरात, २०२५ च्या ६ तारखेच्या रात्री, गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबला आग लागून पंचवीस माणसं गेली, बहुतेक तिथे राबणारे कर्मचारी. तेव्हाही सुरुवातीचे दोन दिवस ठिणगी कुठून उडाली यावरच बातम्या चालल्या. ठिणगी फटाक्याची असो, सिलिंडरची असो, सिगारेटची असो. लोक जमतात तिथे ती उडणारच, असं धरूनच नियम लिहिलेले असतात.

महाराष्ट्रात आपला कायदा कागदावर वाईट नाही. २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत ‘फॉर्म बी’ अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. किती सोसायट्या आणि किती हॉल तो देतात ते विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो. पण फॉर्म बीचीही एक मर्यादा आहे. पंप चालतो का, होजरील, म्हणजे आगीसाठीची गुंडाळलेली पाण्याची नळी, ठीक आहे का, हे त्यातून कळतं. भिंत कशाची आहे, जिना नियमापेक्षा अरुंद असूनही कसा मंजूर झाला, छतावरचं प्लास्टिक कोणत्या सवलतीत बसलं, हे त्यातून कळत नाही. ते मूळ फायलीत असतं, आणि मूळ फाईल रेकॉर्डरूमच्या सर्वांत वरच्या फळीवर असते.

म्हणून माझी एकच सूचना आहे, आणि ती आपल्या वर्तमानपत्राने लावून धरावी. मंगल कार्यालय, नाट्यगृह, मॉल, गेम झोन, गच्चीवरचं हॉटेल, जिथे जिथे लोक जमतात त्या प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागावर, भोगवटा दाखल्याच्या प्रतीशेजारी, तिला अग्निसुरक्षेच्या कोणत्या नियमांतून सूट दिली आहे याची यादी लावायची सक्ती व्हावी. कलम, कारण, आणि मंजूर करणाऱ्याचं पदनाम. मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात. लग्नाला आलेले लोक ती वाचतील असा माझा समज नाही. ती वाचेल सही करणारा. आपलं पदनाम शेकडो पोराबाळांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर टांगलं जाणार हे माहीत असलं की ‘तथापि’ लिहिताना त्याचा हात एकदा तरी थांबेल. मी त्या खुर्च्यांवरची माणसं जवळून पाहिली आहेत. त्यांना चौकशीची भीती फारशी वाटत नाही, कारण चौकशी पुढच्या माणसाच्या काळात होते.

यावर आमच्या खात्यातल्या जुन्या मित्रांचं म्हणणं असं, की असल्या यादीने विनाकारण घबराट पसरेल. सगळ्याच सवलती धोक्याच्या नसतात हे मलाही मान्य आहे. पार्किंगच्या दोन गाड्या कमी असल्या म्हणून कुणी मरत नाही. म्हणूनच अग्निसुरक्षेपुरतं म्हटलं. आणि घबराट व्हावी अशीच एखादी सवलत असेल तर ती व्हायलाच हवी, आग लागायच्या आधी.

सुरुवात म्हणून मी आमच्या भागातल्या एका मोठ्या हॉलबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. लग्नं, मुलांच्या शाळांची संमेलनं, सगळं तिथेच होतं. छताला आतून चकचकीत फोमसारखं काहीतरी लावलंय आणि मागचा जिना मी कधी उघडा पाहिलेला नाही. मुदत संपता संपता उत्तर आलं: ‘सदर नस्ती अभिलेख कक्षात आढळून येत नाही.’ पहिलं अपील दाखल केलं आहे. सुनावणी या महिनाअखेर आहे. आपला वार्ताहर येऊ शकला तर बरं होईल. तारीख आणि वेळ फोनवर कळवतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त महापालिका अभियंता, डोंबिवली (पूर्व)

(नाव छापू नये ही विनंती. खात्यात अजून ओळखीची मंडळी आहेत, आणि फाईल त्यांनाच शोधायची आहे.)